मांजर अडली तर



गेल्या हिवाळ्यात मी जरीपटक्यात खालाजानकडे मुक्कामाला होते. रात्री त्यांची मांजर व्यायला लागली. एक पिल्लू आले; मग दोन तास ती नुसत्या कळा देत राहिली. “मांजर आपली आपण मोकळी होते, सकाळी पाहू,” असे आम्ही ठरवले. सकाळी पोट चिरून बाळंतपण करावे लागले. मांजर वाचली, अल्हम्दुलिल्लाह. पण पोटातली दोन पिल्ले गेली. डॉक्टर एवढेच म्हणाले, “रात्रीच आणायला हवी होती.”

बहुतेक मांजरी विनासायास व्यातात, हे खरे. पण पिल्लू आडवे आले, पर्शियन जातीसारखे डोके मोठे असले किंवा गर्भाशय थकले, तर मांजर अडते.

मग किती वाट पाहायची? घड्याळ जवळ ठेवा. जोराच्या कळा अर्धा तास चालूनही पिल्लू आले नाही, अर्धे बाहेर येऊन दहा मिनिटे अडकले, पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळे पाणी गेले, लाल रक्त थांबेना किंवा मांजर गळून गेली, तर लगेच निघा. दोन पिल्लांमध्ये ती शांत पडून खातपीत असेल, तर मात्र थोडा खंड पडू शकतो.

अडकलेले पिल्लू ओढू नका. कळांचे इंजेक्शन मनाने देऊ नका. वाट अडलेली असेल तर गर्भाशय फाटू शकते. माणसांची पॅरासिटामॉल तर मांजरीला विषच. खोक्यात मऊ कापड घालून तिला न्या. जन्मलेली पिल्लेही उबेत सोबत घ्या.

मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५ असतात. तेव्हा तयारीला वेळ मिळतो. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या दवाखान्याच्या वेळा आणि रात्री येणाऱ्या जवळच्या डॉक्टरांचा नंबर आधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. त्या रात्री आम्ही तिला उपाशी ठेवले नव्हते. फक्त “सकाळी पाहू” म्हणालो होतो. खालाजानला ते अजून बोचते, मलाही.