श्रेयांक मिळतील, मार्गदर्शक कोठून आणणार?

कोल्हापूर सोडून पुणे-बंगळूर महामार्गाने कागलच्या दिशेने निघाले, की पंचतारांकित एमआयडीसीकडे जाणारा रस्ता लागतो. कागल आणि हातकणंगले तालुक्यांच्या हद्दीत पसरलेल्या या वसाहतीत किर्लोस्करांची डिझेल इंजिने तयार होतात, तशीच शर्टिंगसाठीची उंची सुती कापडेही विणली जातात. पाळी सुटली, की मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही भाषा एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भाषा, पर्यावरण किंवा पत्रकारिता शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासासाठी याहून समृद्ध क्षेत्र शोधूनही सापडणार नाही. तथापि कारखान्याच्या फाटकातून आत जाण्याचा मान आजवर मुख्यत्वे आयटीआय, पदविका आणि अभियांत्रिकीच्या मुलांनाच मिळत आला. कला आणि वाणिज्य शाखांचा विद्यार्थी फाटकाबाहेरच राहिला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हे चित्र पालटण्याची संधी निर्माण केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार पदवीच्या विद्यार्थ्याने ९ श्रेयांक आपल्या मुख्य विषयाबाहेरच्या विद्याशाखांतून मिळवायचे आहेत. बारावीला घेतलेला विषय तेथे पुन्हा घेता येत नाही. निवडीसाठी दिलेल्या गटांत ग्रंथालय, माहिती आणि माध्यमशास्त्रे हा स्वतंत्र गट आहे. महाराष्ट्राने यात क्षेत्रप्रकल्प, समाजसंपर्क उपक्रम आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण म्हणजेच ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ यांची जोड दिली. चौथे वर्ष संशोधनासह पूर्ण करणाऱ्यासाठी १२ श्रेयांकांचा प्रकल्प आहे. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. म्हणजे संलग्न महाविद्यालयांतील पहिल्या तुकडीचे तिसरे वर्ष २०२६-२७ हे ठरते. आंतरविद्याशाखीय शिक्षणाची खरी कसोटी तेथे लागणार आहे.

या कल्पनेत आपल्याकडे परके असे काहीच नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्यापाशी पदवी नव्हती. कारागिरांच्या घरातला हा चित्रकार रंगभूमीचे पडदे रंगवता रंगवता यंत्रविद्या शिकला, त्याने स्वतः चलच्चित्राचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. चित्रकला, यंत्रकाम आणि माध्यम यांचा मेळ त्यांनी कोणत्याही अभ्यासक्रमाविना घातला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात १९४७ मध्ये सुरू केलेल्या शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. श्रम आणि शिक्षण यांची फारकत नको, हा विचार या मातीत तेव्हापासून रुजलेला आहे.

मात्र बाबूरावांना घडवले ते घरातल्या कारखान्याने, आनंदराव यांच्या सहवासाने आणि दामले-फत्तेलाल यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या साथीने. स्वयंअध्ययन म्हणजे विद्यार्थ्याला एकटे सोडून देणे नव्हे. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाने १९६९ मध्ये विद्यार्थ्यांच्याच मागणीवरून मुक्त अभ्यासक्रम स्वीकारला. तेथेही विद्यार्थी स्वतंत्र अभ्यासाचा विषय स्वतः सुचवू शकतो. मात्र त्याची जबाबदारी घेणारा प्राध्यापक त्याला आधी शोधावा लागतो. आपल्या अंमलबजावणीत नेमका हाच दुवा कच्चा आहे.

थोडे गणित मांडून पाहू. एका वर्गात ६० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाच्या प्रकल्पाची चर्चा, टिपणांची तपासणी व अहवालाचे वाचन यांसाठी सत्रभरात अवघे २ तास दिले, असे समजू. हे १२० तास झाले. एका श्रेयांकाला १५ तास अध्यापन या हिशेबाने हे काम ८ श्रेयांकांच्या अध्यापनाइतके भरते. हे तास प्राध्यापकाच्या कार्यभारात पूर्णपणे धरले गेले नाहीत, तर ते कोण देणार? राज्यात प्राध्यापकांची अनेक पदे रिक्त आहेत आणि अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर आहे. त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासाचा. विद्यार्थ्याबरोबर कारखान्यात जाऊन घालवलेली दुपार त्या हिशेबात सहसा बसत नाही. अशा स्थितीत ४ श्रेयांकांचे, म्हणजे १२० तासांचे कार्यप्रशिक्षण ओळखीच्या दुकानातून आणलेल्या प्रमाणपत्रावर उरकले जाण्याचा धोका उघड आहे. तसेच खुल्या निवडीच्या नावाखाली, ज्या शिक्षकाचा कार्यभार कमी पडतो त्याचाच विषय विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडू शकतो. केवळ कला व वाणिज्य शाखा असलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयाने माध्यमशास्त्र शिकवणारा माणूस आणायचा तरी कोठून?

कागल तालुक्याला या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. तालुक्यातील अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. त्याला लागूनच कर्नाटकातील निपाणी आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये हे धोरण देशात सर्वांआधी लागू केले. पुढे डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर, मे २०२४ मध्ये, तेथील सरकारने पुन्हा ३ वर्षांच्या पदवीचा निर्णय घेतला. ज्या वर्षी आपली संलग्न महाविद्यालये नव्या रचनेत शिरली, त्याच वर्षी शेजाऱ्याने माघार घेतली. एकाच परिसरातील, एकाच वसाहतीत नोकरी शोधणारी मुले आता दोन वेगळ्या रचनांतून बाहेर पडतील. माघारीमागे राजकारण होतेच; पण तयारीविना केलेल्या घाईचा धडाही त्यात आहे.

महाराष्ट्राने माघार घ्यावी असे नाही. एका परिसरातील चार-पाच महाविद्यालयांनी मिळून माध्यम, पर्यावरण, संख्याशास्त्र यांसारख्या विषयांचे शिक्षक वाटून घ्यावेत. प्रकल्प-मार्गदर्शनाचे तास पूर्णपणे कार्यभारात धरावेत आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकालाही त्यांचे मानधन मिळावे. औद्योगिक वसाहतीतील उद्योजकांनी कला शाखेच्या मुलांसाठीही फाटक उघडावे. सुरक्षेच्या सूचना कन्नड वा हिंदी भाषक कामगाराला कितपत समजतात, पाळीच्या वेळा आणि एसटीच्या वेळा जुळतात का, वसाहतीमुळे शेजारच्या गावांची शेती कशी बदलली, हे विषय विद्यार्थ्यांनी हाताळले तर त्याचा उपयोग कारखान्यांनाही होईल. त्यांतून चांगला वृत्तलेख वा माहितीपट निघाला, तर माध्यमांचे शिक्षण आपोआप साधेल.

कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला आणि त्यासाठी शाळा, शिक्षक व पैसा यांचीही तजवीज केली. नव्या धोरणाचा हुकूम निघून काही वर्षे लोटली. तजवीज मात्र अद्याप व्हायची आहे.