दुकानाचा भाडेकरार नव्याने करताना



दीपावलीला नव्या वह्यांचे पूजन होते आणि त्याच सुमारास अनेक दुकानांच्या भाडेकराराची मुदतही संपत येते. खामगाव, मलकापूर, चिखली, देऊळगाव राजा येथील बाजारपेठांत आपल्या समाजाचे घरमालक आहेत, तसेच भाडेकरूही. पुष्कळदा दोघे सकाळी एकाच मंदिरात दर्शनाला येतात. म्हणून वाद वाढण्यापूर्वी कायद्याची मर्यादा दोघांनीही समजून घ्यावी.

आपला जिल्हा पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात असल्याने येथे १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता. जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. ती व्यवस्था आता संपली. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अमलात असून मालकाला थेट न्यायालयात दावा करता येतो. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांना लागू असतो. आपले गाव त्यात येते का, हे वकिलांकडून पाहून घ्यावे.

या कायद्याप्रमाणे मालकाला दरवर्षी चार टक्के भाडेवाढीचा हक्क आहे. महिना ५,००० रुपये भाडे असेल तर वर्षाने २०० रुपयांची वाढ होते. सुधारणा, विशेष दुरुस्ती आणि वाढलेले स्थानिक कर यांसाठी वेगळी तरतूद आहे. मात्र बाजारभाव वाढला म्हणून भाडे एकदम दुप्पट मागणे यात बसत नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की केवळ कराराची मुदत संपली म्हणून भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. मालकाची स्वतःची खरी गरज, परस्पर पोटभाडेकरू ठेवणे, संमतीवाचून पक्के बांधकाम, सबळ कारणाविना सहा महिने दुकान वापरात नसणे, अशी कारणे न्यायालयात सिद्ध करावी लागतात. थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावे लागते. वीज-पाणी तोडून दडपण आणणे हा गुन्हा आहे.

खरी सावधगिरी सहीच्या वेळी हवी. नूतनीकरणाच्या नावाखाली पुढे येणारा कागद ‘भाडेकरारा’चा आहे की ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, हे वाचल्यावाचून सही करू नये. लायसन्समध्ये मुदत संपली की जागेवर राहण्याचा हक्कही संपतो. तीस वर्षांची भाडेकरी एका सहीने धोक्यात येऊ शकते, आणि ‘घरातलेच आहेत’ म्हणून न वाचता सही करणारे आपल्यात कमी नाहीत.

मालकांनीही ध्यानात घ्यावे की करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी त्यांची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. भाड्याची पावती देणेही सक्तीचे आहे. मालक भाडे घेण्यास नकार देत असेल तर भाडेकरूने ते मनिऑर्डरने पाठवून पावती जपावी.

वडिलांच्या पश्चात दुकानाची भाडेकरी त्यांच्यासोबत तेथे व्यवसाय करणाऱ्या कुटुंबीयाकडे जाते. म्हणून गादीवर बसणाऱ्या मुलाचे नाव परवाने व हिशेबात वेळीच यावे.

कायद्याचे संरक्षण आहे म्हणून देय वाढ वर्षानुवर्षे न देणे, हेही श्रावकाला शोभत नाही. अचौर्य अणुव्रत घेतलेल्याने दुसऱ्याचे न्याय्य देणे अडवून ठेवू नये. तसेच मालकानेही हक्कापेक्षा अधिक मागू नये. संवत्सरीला ज्यांच्याकडे ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत जायचे, त्यांच्याशी न्यायालयात भेटण्याची वेळ येऊ नये, यासाठी यंदा दोघांनी सोबत बसून, वकिलांसमोर, करार पूर्ण वाचून मगच सही करावी.