फॉर्म भरून टाक, सूनबाई!

आमची सूनबाई सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. रोज पारनेरहून जाऊन-येऊन. परवा तिच्या विषयाच्या संस्थेकडून कार्यकारिणीसाठी फॉर्म आला, तर म्हणते कशी, "आई, ते प्राध्यापकांचं काम. आम्ही कंपनीवाले!"

मला काही हे पटलं नाही. कंपनीतल्यांनी नुसती वर्गणी भरायची आणि ठरवायचं मात्र दुसऱ्यांनी? परिषद कुठल्या वारी ठेवायची, व्याख्यानांना कोणते विषय घ्यायचे, नव्यानं नोकरीला लागलेल्यांना कसलं प्रशिक्षण द्यायचं, हे सगळं तिथंच तर ठरतं. रात्रपाळीत बॅच बिघडली की काय करायचं, हे पुस्तकातून थोडंच कळतं? ते सांगणारं कुणीतरी बैठकीत हवंच ना! (कंपनीची गुपितं फोडा, असं कुणी म्हणत नाही.)

मुंबईत १९७३ साली काही शास्त्रज्ञ महिलांनी 'इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन' स्थापन केली. पुढं तिच्या वाशीच्या वास्तूत नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आणि पाळणाघरही सुरू झालं. पाळणाघराचा विषय बैठकीत आधी कुणाला सुचणार, मैत्रिणींनो, तुम्हीच सांगा!

आपल्या बचत गटात नाही का, मीटिंगला न येणारीच मागून कुरकुर करते.

अडचणी आहेतच. मानधन नाही, रविवार जातो, शनिवारी बैठक असली तर रजेचा प्रश्न. रविवारचा स्वयंपाक आणि नातू मी बघते म्हटलं. रजेचं साहेबांना विचारते, एवढं ती काल म्हणाली.