निर्धनाची बेगमी

आर्थिक अरिष्टाच्या पूर्वतयारीचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित मंडळींत दोन मते हटकून ऐकू येतात. पहिले मत असे की, ज्याच्या घरातले डबे महिन्याच्या पंचविशीलाच तळ दाखवू लागतात त्याने तयारी करावयाची म्हणजे करावयाचे तरी काय. शिल्लक असल्यावाचून तरतूद होत नाही, आणि ज्याचे रोजचे जिणे हेच एक अरिष्ट आहे त्याचे दुसऱ्या अरिष्टाने विशेष काही बिघडत नाही. दुसरे मत असे की, तयारी अवश्य करावी, पण ती सोन्याची, जमिनीची आणि वर्षा-दोन वर्षांच्या धान्यसाठ्याची. पहिल्या मताने तयारी निर्धनाला अनावश्यक ठरते, दुसऱ्याने ती त्याच्या ऐपतीबाहेर जाते. परिणामी दोन्ही पक्षांचा अभिप्राय एकच होतो, तो हा की गरिबाने स्वस्थ बसावे. हा अभिप्राय मला सर्वथा अमान्य आहे. माझे म्हणणे असे की, पडझडीच्या काळात माणूस बुडतो तो मुख्यतः मालमत्ता कमी असल्यामुळे नव्हे, तर ठरलेल्या तारखेस ठरलेली रोख रक्कम देण्याच्या बांधिलकीमुळे. आणि ही बांधिलकी कमी करीत जाणे हीच अल्पधनाची खरी बेगमी असून ती आरंभण्यास पैसा थोडा आणि विचार पुष्कळ लागतो.

गरिबाला गमावण्याजोगे काही नसते, हे विधान इतिहासाच्या कसोटीला टिकत नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस दुर्मीळ झाला, मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि त्या पैशाच्या पुरावर शेअरबाजाराचा उन्माद उसळला. युद्ध संपताच भाव कोसळले. प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्य गोत्यात आले, अनेक पेढ्यांनी दिवाळी काढली आणि खुद्द बँक ऑफ बॉम्बेही पुढे तगली नाही. हा वृत्तांत सर्वांना ठाऊक असतो; पण देशावरच्या ज्या कुणब्याने बॅक बे कंपनीचा शेअर जन्मात पाहिला नव्हता त्याचे पुढल्या दहा वर्षांत काय झाले, याची आठवण क्वचित काढली जाते. तेजीत सावकाराने हात सैल सोडला होता. इंदापूरसारख्या तालुक्यांत साऱ्याची फेरआकारणी झाली ती तेजीचे दर नजरेसमोर ठेवून. नंतर धान्याचे भाव उतरले, परंतु साऱ्याचा हप्ता उतरला नाही आणि व्याजही उतरले नाही. उत्पन्न बाजाराच्या हाती आणि देणे मात्र सरकारी दप्तरात पक्के, अशा कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याची जमीन कर्जरोख्यांच्या द्वारे सावकाराच्या नावावर चढू लागली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जमाव उठला आणि दंग्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले, तेव्हा त्या जमावाचा रोख प्रामुख्याने सावकाराच्या घरातील दस्तऐवजांवर होता. खते आणि रोखे बाहेर काढून जाळणे हा त्या उठावाचा मुख्य हेतू होता, असा त्याच्या वर्तनाचा स्पष्ट अर्थ आहे. निरक्षर कुणब्याला आपल्या विनाशाचे कारण अचूक कळले होते; त्याला तहानभुकेपेक्षा कागदावरची तारीख अधिक छळत होती. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला, तो याच जाणिवेतून.

दुसरे उदाहरण आपल्या आठवणीतले आहे. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या कापडगिरण्यांतील अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला आणि एका अर्थी तो कधी संपलाच नाही. त्या संपाचे राजकारण हा या लेखाचा विषय नव्हे. दोन वेळचे अन्न देणारा पगार एकाएकी बंद झाल्यावर गिरणगावातील कोणती घरे उभी राहिली आणि कोणती मोडली, एवढेच येथे पाहावयाचे आहे. गावाकडे भाताचे खाचर, नाचणीचा वरकस तुकडा अथवा देशावर जिराईत जमिनीचा हिस्सा राखून होता तो कामगार कुटुंबासह रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा या जिल्ह्यांत परतला आणि तिथल्या धान्यावर महिने काढू शकला. एकाच गावची माणसे ज्या सामायिक खोल्यांत राहत होती, तिथे भाडे वाटले गेले आणि चूलही वाटली गेली. ज्या घरातील बाई खानावळ चालवीत होती तिथे मिळकत घटली तरी चूल विझली नाही. अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ सालीच अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते, आणि सावकाराच्या दारातून या बायका आधीच बाहेर पडू लागल्या होत्या हे लक्षात घेण्याजोगे आहे. याउलट, ज्याने पगाराच्या भरवशावर व्याजाने रक्कम उचलली होती त्याची भांडी, दागिने आणि शेवटी खोलीची पागडी एकामागून एक गेली. सगळ्यांचा पगार सारखाच बंद झाला होता. फरक पडला तो पगारावाचून चालणाऱ्या गोष्टी किती आणि पगारावाचून अडणाऱ्या किती, या एका हिशेबाने.

आता सुवर्णवाद्यांकडे वळू. सोने टिकते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण ते टिकते ज्याला थांबता येते त्याच्यापाशी. ज्याला उद्याच्या फीसाठी अथवा इस्पितळाच्या अनामतीसाठी आजच सराफाची पायरी चढावी लागते त्याला घट, मजुरी आणि व्याज यांतून जे हाती येते तेच त्याच्या सोन्याचे मोल. म्हणून चोवीस टक्क्यांचे कर्ज डोक्यावर ठेवून ग्रॅमभराचे नाणे घेणारा मनुष्य तयारी करीत नसून देणे वाढवीत असतो. त्याने ते पैसे आधी कर्जात भरावेत, कारण चोवीस टक्के इतका निश्चित लाभ देणारी दुसरी गुंतवणूक त्याला कोणत्याही बाजारात मिळणार नाही. यावर कोणी म्हणेल की महागाई भडकली तर कर्ज आपोआप हलके होते. होते, पण ज्याची मजुरी भावाबरोबर चढते त्याचेच. श्रीलंकेत २०२२ साली सरकारने परकीय कर्जाची फेड थांबविली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अन्नधान्याच्या भाववाढीचा वार्षिक दर नव्वद टक्क्यांपलीकडे गेला. तेथील रोजंदारीवरच्या मजुराची मजुरी काही त्या वेगाने वाढली नाही. भाव कोसळोत वा भडकोत, रोख देणे असलेला गरीब दोन्हीकडून मारला जातो.

साठ्याच्या बाबतीत मात्र विरोधकांचे अर्धे म्हणणे मी स्वीकारतो, कारण ते आपल्या आज्यांचेच म्हणणे आहे. कोकणात आगोटीची खरेदी, गोव्यात पावसाळ्यापूर्वीचे पुरुमेंत, देशावर उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरण्याची चाल, ही सारी अर्थशास्त्राची जुनी आणि कसाला उतरलेली कलमे आहेत. वर्षाचे धान्य एकदम भरणे आज पुष्कळांना जमणार नाही; पण सुगीच्या दिवसांत, नवी ज्वारी किंवा गहू बाजारात येऊन भाव नरम असतो तेव्हा, दर आठवड्याच्या खरेदीत दोन-तीन किलो अधिक घेऊन महिन्या-दीड महिन्याचा शिधा मागे टाकणे हे अशक्य नाही. ते धान्य नीट राखले पाहिजे: कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवावे, पूर्ण निवू द्यावे, गव्हाला एरंडेल तेलाचा हलका हात लावावा, डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि झाकण घट्ट बसवावे, गरम असतानाच डबा बंद केला तर आत घाम धरतो आणि पोरकिडे होतात. जुने आधी काढून नवे मागे ठेवावे. असा साठा म्हणजे साठेबाजी, हा आक्षेप ज्यांना सुचतो त्यांनी वेळेचा भेद ध्यानात घ्यावा; मुबलकतेच्या दिवसांत थोडे थोडे घेणारा मनुष्य टंचाईच्या दिवशी दुकानापुढील रांगेतून वजा होतो, आणि त्यामुळे रांगेतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला दोन किलो अधिक येतात.

पैसा थोडा असला तरी तो कोठे ठेवला आहे हा प्रश्न उरतोच. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले तेव्हा ठेवीदाराला आरंभी एका खात्यातून अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे आणि ते सहकारी बँकांनाही लागू आहे. टपाल कचेरीतील बचतीमागे भारत सरकारची हमी आहे. परंतु आपल्या तालुक्या-तालुक्यांत अर्धा-एक टक्का अधिक व्याज देणाऱ्या ज्या पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या आहेत, त्यांच्या ठेवींना हा ठेवविमा लागू नाही, आणि ही गोष्ट ठेव घेताना काउंटरवरचा मनुष्य आपण होऊन सांगत नाही. ज्याचे वीस हजार हेच सर्वस्व आहे त्याने अर्ध्या टक्क्यासाठी ते तेथे ठेवू नयेत. भिशीविषयीही हेच: आठ-दहा परिचित बायकांची, लहान रकमेची, वहीत दर महिन्याची नोंद असणारी भिशी आपत्काळी बिनव्याजी रक्कम देते आणि विश्वासाचे माणूस जोडते, अनोळखी चालकाची, लिलावाची, मोठ्या रकमेची भिशी हा जुगार आहे.

शेवटचा आणि सर्वांत आदरणीय पूर्वपक्ष असा की, हे सारे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे आणि गरिबाला स्वावलंबनाचा उपदेश करणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे होय. कर्तव्य सरकारचे आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लाखो माणसांना कामावर घेतले, वि. स. पागे यांच्या आग्रहातून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले, आणि मागेल त्याला काम हे तत्त्व साऱ्या देशाने पुढे महाराष्ट्राकडून घेतले. पण त्या वचनातील ‘मागेल त्याला’ हे शब्द दुर्लक्षून चालत नाहीत. हक्क कागदावर असतो आणि कागद घरात असावा लागतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य ठरवून दिले आहे. प्राधान्य कुटुंबात लग्न होऊन आलेल्या सुनेचे किंवा नव्या बाळाचे नाव शिधापत्रिकेत चढविले नसेल तर तेवढे पाच किलो दर महिन्याला जातात, आणि अरिष्ट ओढवल्यावर तहसील कचेरीच्या खिडकीपुढे त्याच कामासाठी सारे गाव उभे असते. शिधापत्रिका, आधार, जन्माचे व उत्पन्नाचे दाखले, सात-बारावर वडिलार्जित हिश्शाची वारसनोंद, वर्षाला वीस रुपयांत मिळणारा दोन लाखांचा अपघात विमा, ही सर्व तरतूद जवळपास फुकट आहे. तिची किंमत पैशात नसून बुडणाऱ्या रोजात मोजावी लागते, आणि गरिबापाशी बुडविण्याजोगा रोज नसतो, ही या प्रकरणातली खरी अडचण आहे.

म्हणून माझी विनंती निर्धनांपेक्षा, हा लेख वाचण्याइतकी सवड ज्यांना आहे त्यांना अधिक आहे. तुमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंचा, तुमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याचा, तुमच्या शेतावरच्या गड्याचा पगार ठरल्या तारखेस द्या, उचल मागितली तर बिनव्याजी द्या, त्यांच्या शिधापत्रिकेवर घरातील सर्वांची नावे आहेत का ते विचारा, आणि नसतील तर अर्ज भरण्यास मदत करून कचेरीत जाण्यासाठी त्यांना एक दिवसाची भरपगारी रजा द्या.