तुळशीपाशी उभी राहिलेली दुसरी मुलगी



गेल्या रविवारची गोष्ट. मी डाळ निवडत बसले होते. आठवीतली लेक अंगणातून ओरडली, "आई, लवकर ये, मी तुळशीपाशी उभी आहे बघ!" पाहते तर काय, फोनच्या काचेत आमचंच अंगण, आमचंच वृंदावन, आणि शेजारी चित्रातली एक मुलगी हात हलवते आहे. गोरीपान, सरळ लांब केस, चवळीची शेंग! माझी लेक सावळी, गुटगुटीत, कुरळ्या केसांची. मी विचारलं, "ही कोण गं?"

"मीच की!"

माझ्या पोटात कालवलं.

या चित्राला 'अवतार' म्हणतात, बरं का. शब्द आपलाच, दशावतारातला. १९९२ च्या 'स्नो क्रॅश' या इंग्रजी कादंबरीने तो या अर्थाने जगभर पोचवला. फोन कॅमेऱ्यातून जमीन कुठे, भिंत कुठे हे ताडतो आणि खऱ्या दृश्यात चित्र उभं करतो. यालाच ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात.

'पोरांचा खेळ' म्हणून सोडून द्यावं, तर तसंही नाही. २००७ साली अमेरिकेत निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी डोळ्यांवर यंत्र चढवून माणसांना संगणकातल्या खोलीत नेलं. कुणाला उंच अवतार दिला, कुणाला बुटका. मग पैशांच्या वाटणीची घासाघीस करायला लावली. उंच अवतारवाले ताठ्याने बोलले; बुटक्यांनी पदरात पडेल ते जास्त वेळा मुकाट्याने घेतलं. म्हणजे आपण जे रूप घेतो, तसे वागायला लागतो!

मग मी ठरवलं, त्या फोनवाल्यांना चांगलं फैलावर घ्यायचं. पण लेकीने रंगांची यादी दाखवली, तर सावळ्या रंगाच्या कितीतरी छटा होत्या. तिने त्या ओलांडल्या होत्या. आणि मला माझेच शब्द आठवले: "उन्हात खेळू नकोस, काळी पडशील." बेसन-साय मीच लावत होते ना?

संध्याकाळी आम्ही शेजारी बसलो. तिने माझा अवतार केला: चष्मा, अंबाडा, कपाळावरची पांढरी बटसुद्धा! "अशीच तर आहेस तू," म्हणाली. मी तिचा केला: सावळा, कुरळ्या केसांचा. बराच वेळ बघून म्हणाली, "छान आहे गं." तरी गोरीला तिने पुसलं नाही. मीही आग्रह धरला नाही.

तुम्हाला सांगते, फोटोऐवजी अवतार लावणं वाईट नाही. व्हॉट्सॲपने डिसेंबर २०२२ मध्ये ती सोय आणली. पोरीचा खरा चेहरा परक्यांच्या हाती जात नाही. फक्त एकदा तिच्याजवळ बसून तो बनवा, आणि तिने काय बदललं ते न रागावता बघा. बदललेलं तेच तिच्या मनात सलत असतं. आणि घरात रंगावरून बोलणं आजपासून बंद!

आमच्या चारठाण्याच्या जुन्या देवळांत कोरीव काम सगळं काळ्या दगडाचं. लांबून माणसं ते बघायला येतात. दगड गोरा का नाही, असं कुणी विचारत नाही.

बघा पटतंय का!