आगळातले आम्ल कोणते?

मे महिन्यात किहीम-अलिबाग पट्ट्यात आमसुले उन्हात पडतात आणि कोकमाच्या आगळाचे नमुने प्रयोगशाळांत येऊ लागतात. अहवालात ठरलेली ओळ लिहिली जाते: ‘आम्लता, सायट्रिक आम्ल म्हणून’. ही निव्वळ हिशेबाची सोय आहे. पण नमुना आणणारा घरगुती उद्योजक ती वाचून कोकमात सायट्रिकच आहे असे धरून चालतो.

कोकमातले मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक. कोकमाच्याच गोतातल्या मलबारी चिंचेतले आम्लही पूर्वी टार्टारिक किंवा सायट्रिक समजले जाई. लुईस आणि नीलकंठन यांनी 1965 साली ते हायड्रॉक्सिसायट्रिक असल्याचे दाखवले.

अनुमापनाने ही ओळख पटेल का? शुद्ध, कोरडे आम्ल तोलून घेतले तर तुल्यभार निघतो: सायट्रिकचा 64.0, मॅलिकचा 67.0, हायड्रॉक्सिसायट्रिकचा 69.4, टार्टारिकचा 75.0. मॅलिक आणि हायड्रॉक्सिसायट्रिक यांत फरक साडेतीन टक्क्यांचा. कॉस्टिकचे द्रावण पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने काटेकोर प्रमाणित केले नसेल, तर तो चुकीतच बुडतो. आणि आगळ शुद्ध कुठे असते? त्यात मीठ, साखर, रंग सारेच असते.

रंगाचा त्रास तर हाताला रोज जाणवणारा. फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होण्याआधीच कोकमाचा लाल रंग जांभळट, मग निळसर-हिरवट होतो आणि अंतिम बिंदू डोळ्यांना सापडत नाही. तिथे पीएच मीटर लावून 8.1 ला थांबावे. दुसरी अडचण लॅक्टोनची. आटवताना हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा काही भाग लॅक्टोन होतो. त्याची दोनच आम्लगटे मोकळी उरतात. अल्कलीत ते वलय सावकाश उघडते आणि स्थिरावलेले रीडिंग पुन्हा खाली सरकते. नवखा विश्लेषक मीटरला दोष देतो. अशा वेळी जास्तीचे कॉस्टिक घालून, तापवून, उरलेले उलट अनुमापनाने मोजणे हाच खात्रीचा मार्ग.

एकाच ब्युरेट-रीडिंगवरून सायट्रिक म्हणून 1.00 टक्का आम्लता निघते, ती हायड्रॉक्सिसायट्रिक म्हणून 1.08 होते. म्हणून यंदाच्या अहवालांत आम्लता कोणत्या आम्लाच्या हिशेबाने काढली आणि किती पीएचला थांबलो, हे दोन्ही लिहा. आम्लाचे नाव हवे असेल, तर नमुना एचपीएलसीला पाठवा. केवळ अनुमापनावरून ते नाव कोणाच्याही लेबलसाठी देऊ नका.