मोटारीपुढे झेब्रा आला तर हेलिकॉप्टर, पऱ्हाटीत रोही आला तर अर्ज!



केनिया देशात मोटारींची एक मोठी शर्यत होते. तिचे नाव सफारी रॅली. इंग्लंडच्या राणीच्या राज्याभिषेकानिमित्त १९५३ साली गोऱ्या साहेबांनी ती सुरू केली. १९७३ पासून २००२ पर्यंत ती जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेत होती. २०२१ साली पुन्हा त्यात आली. मूळ आपल्याकडचे असलेले जोगिंदरसिंग ती तीनदा जिंकले, शेखर मेहता पाचदा.

कापूस-ज्वारीच्या सभेत मोटारींचे काय काम, असे तुम्ही विचाराल. काम आहे. ती शर्यत झेब्रे, जिराफ आणि हरणांच्या मुलुखातून जाते. भरधाव मोटारीवर झेब्रा आदळला तर जनावर मरते, मोटार चेपते आणि आतल्या दोघांच्या जिवावर बेतते. मग त्यांनी काय केले? शर्यत खुल्या रस्त्यावर होत होती तेव्हा मोटारीच्या तोंडाला लोखंडी कठडे बसवले. बाजूलाही दिवे लावले. पैसेवाल्या कंपन्यांनी डोक्यावर हेलिकॉप्टर ठेवले. वरचा माणूस पुढची वाट पाहायचा आणि खाली बिनतारी संदेश द्यायचा, 'पुढे जनावरे आहेत, हळू घे.' आता नैवाशाच्या परिसरात रस्ते बंद करून शर्यत होते, आणि सरकारी वन्यजीव खाते मदतीला असते.

यात वाईट काही नाही. जनावर वाचते, माणूसही वाचतो. पण त्याच केनियात मका पेरणारा शेतकरी आहे. त्याच्या शिवारात हत्ती शिरतो तेव्हा वर कोण असते? तिथे १९७७ पासून शिकारीला बंदी आहे. २०१३ च्या कायद्याने प्राण्यामुळे माणूस दगावला तर ५० लाख शिलिंग भरपाई ठरली, पिकाच्या नुकसानीचीही सोय झाली. कागद उत्तम! पण दावे वर्षानुवर्षे थकले. चार दिवसांच्या शर्यतीला बंदोबस्त आणि बारा महिन्यांच्या शेतीला अर्ज, असा हा न्याय आहे.

आपल्याकडे वेगळे काय आहे? समृद्धी महामार्गावर प्राण्यांसाठी पूल आणि भुयारी वाटा बांधल्या. चांगले केले. पण ती वाट ओलांडून आलेला रोही पऱ्हाटीचे शेंडे खातो, रानडुकरांचा कळप एका रात्रीत ज्वारी लोळवतो, त्याची तरतूद कुठल्या आराखड्यात आहे? शेतकी कॉलेजात आम्हाला बोंडअळी किती दिसली म्हणजे फवारणी परवडते, हे शिकवले. डुकरे किती आली म्हणजे ज्वारी सोडून द्यावी, हे शिवारानेच शिकवले. कितीकांनी ज्वारी सोडली ते तुम्हीच आपल्या गावात मोजा. कडबा गेला, मग बैलही गेले.

कोणी म्हणेल, शर्यत चार दिवसांची असते, शेताला वर्षभर राखण कशी पुरवायची? बरोबर आहे. आम्ही हेलिकॉप्टर मागत नाही. आम्ही हिशेब मागतो. शर्यत भरवणारा जनावराचा धोका आधी मोजतो आणि शर्यतीच्या खर्चात धरतो. आमच्या हमीभावाच्या हिशेबात मचाणावरची जागल कुठे आहे? नासलेले पीक कुठे आहे? जंगल साऱ्या देशाचे, शुद्ध हवा साऱ्या देशाची, मग त्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या धुऱ्यावर का?

 खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीकविम्यात जोडसंरक्षण म्हणून घेण्याचे केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. पण कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, ते राज्याने ठरवायचे. नुकसान ७२ तासांत मोबाईलवर फोटोसह कळवायचे. कळवायला आम्हाला ७२ तास, मग पंचनामा करून पैसे द्यायला सरकारला किती तास? याचे उत्तर आधी द्या.

आम्ही जनावरांचे वैरी नाही. रोह्याला सातबारा कळत नाही, तो भूक भागवतो. ज्यांना सातबारा कळतो त्यांच्याशी आमचे भांडण आहे.

म्हणून या सभेत ठराव करा. एक, रोही आणि रानडुक्कर यांच्यासह आपला जिल्हा विम्याच्या यादीत घ्या. दोन, पंचनाम्याला आणि पैसे देण्याला मुदत बांधा. उशीर झाल्यास व्याज द्या. तीन, भरपाई बाजारभावाने द्या, कडब्यासकट. चार, जंगलालगतच्या शिवारांना सामूहिक कुंपण सरकारी खर्चाने करा. पाच, जागलीची मजुरी उत्पादनखर्चात धरा.

गावोगावी नुकसानीची वही ठेवा. तारीख, गट नंबर, पीक, क्षेत्र लिहा, पाच जणांच्या सह्या घ्या. पुढच्या सभेला येताना ती वही घेऊन या. मोजलेल्या नुकसानीपुढे सरकारला 'कळवले नव्हते' म्हणता येणार नाही.